तुम्ही या जाऊन, मी बसते इथे

सुट्ट्या लागल्या की रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. कुणी नेरळहून माथेरानला चढतं. कुणी खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळच्या, २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात जातं. कुणी महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेऊन पुढे पालीला निघतं. पुष्कळदा एकाच गाडीत हे दोन-तीन बेत असतात. त्याच गाडीत गुडघे धरलेली आजी असते, दीड वर्षाचं मूल असतं आणि या दोघांनाही जिने सांभाळायचं असं न बोलता ठरलेलं असतं, ती बाई असते.

या अंकात आम्ही एक क्षुल्लक वाटणारा विषय घेतला आहे. सहलीच्या ठिकाणी भाड्याने मिळणारी बाबागाडी, चाकाची खुर्ची आणि म्हाताऱ्या माणसाला वर नेणारी रिक्षा. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींना वाटेल की हा काय चळवळीचा विषय झाला? रेशन, पाणी, मारहाण, रोजगार हमी हे प्रश्न उभे असताना मौजमजेला निघालेल्या मध्यमवर्गाच्या सोयींची चर्चा कशाला? ही शंका रास्त आहे. पण चुलीचा धूर, पाण्याचा हंडा, संडासची सोय हेही एके काळी घरातले किरकोळ प्रश्न मानले जात होते. बायकांनी त्यावर बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यातलं राजकारण दिसू लागलं. चाकाचंही तसंच आहे. चाक नसेल तिथे कुणाची तरी पाठ वापरली जाते. ती पाठ कुणाची, हे विचारणं आपलं काम आहे.

आधी व्यवहार पाहू. मोठ्या मनोरंजन उद्यानांत आणि प्राणिसंग्रहालयांत साधारण रीत अशी असते की दाराजवळच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवायचं, अनामत रक्कम भरायची, दिवसाचं भाडं द्यायचं आणि संध्याकाळी गाडी परत करून अनामत घ्यायची. गाड्या मोजक्या असतात, म्हणून उशिरा पोचणाऱ्याला मिळतीलच असं नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत बाबागाडी आणि खुर्चीच्या जोडीला बॅटरीवर चालणारी, आपली आपण हाकायची स्कूटरही भाड्याने मिळते. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या अनेक आज्यांनी अशी स्कूटर पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. त्या देशात अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा १९९० साली झाला, आणि त्यामागे खुर्चीवर बसून रस्ते अडवणाऱ्या माणसांचं आंदोलन होतं. ती सोय कुणी उदारपणे दिलेली नाही, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

आपल्याकडे घरातला हिशेब कसा होतो? प्रवेशाची तिकिटं काढली, पेट्रोल घातलं, जेवणाचे पैसे बाजूला ठेवले. मग बाबागाडीच्या भाड्याची पाटी दिसते आणि कुणीतरी म्हणतं, "एवढे कशाला? कडेवर घे की!" दीड वर्षाच्या मुलाचं वजन दहा किलोच्या आसपास असतं. हे दहा किलो, जोडीला दुधाची बाटली, कपडे आणि पाण्याची पिशवी घेऊन ती बाई सात-आठ तास चालते. भाड्याचे पैसे वाचले असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे तिची कंबर फुकट धरली आहे, म्हणून चाकाचं भाडं महाग वाटतं. तिच्या कंबरेचंही भाडं लावलं असतं तर हिशेब उलटा झाला असता.

आपल्या भाषेत त्या गाडीला बाबागाडी म्हणतात. नाव बाबाचं, ढकलते आई. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरातलं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्यांचं प्रमाण १५ ते ५९ या वयोगटातल्या स्त्रियांत ४१ टक्के आहे, पुरुषांत २१.४ टक्के. सुट्टीच्या दिवशी ही आकडेवारी घरी ठेवून निघता येत नाही, ती बाईबरोबर गाडीत बसते. झोपाळ्यावर, पाळण्यात, घसरगुंडीवर बाकीचे जातात. ती खाली चपला आणि पिशव्यांची राखण करत मुलाला भरवत असते. फोटोत सगळे हसताना दिसतात आणि तिला आठवते ती सावलीत जागा शोधण्याची धडपड.

याच सहलीतलं दुसरं माणूस म्हणजे आजी. बचत गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तुम्ही या जाऊन, मी बसते इथे." हे वाक्य इतक्या सहज उच्चारलं जातं की तिला खरोखरच बसायला आवडतं असं घरच्यांना वाटू लागतं. हे गुडघे कशाने गेले? उकिडवं बसून केलेला स्वयंपाक आणि धुणी, डोक्यावरून वाहिलेलं पाणी, ओळीने झालेली बाळंतपणं आणि दुखणं अंगावर काढायची सवय. आयुष्यभराच्या त्या कामाची किंमत गुडघ्यांनी चुकवली, आणि आता चार पावलं पुढचा धबधबा पाहायची वेळ आली तर ती पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसते. खुर्ची घेऊ का विचारलं तर म्हणते, "मी काय पांगळी झाले का? लोक काय म्हणतील?" ही लाज तिच्या एकटीची नाही. बाईने उपयोगी असावं, ओझं होऊ नये, ही शिकवण तिच्यात खोल मुरलेली आहे. स्वतःसाठी चार पैसे खर्च करायला लावणं तिला अपराध वाटतो. म्हणून खुर्ची घ्यायची की नाही हा प्रश्न तिच्यावर सोडून मोकळं होणं बरोबर नाही. खुर्ची तिकिटातच धरलेली असेल, दाराशी सगळ्यांसाठी रांगेत ठेवलेली असेल, तर ती मागण्याचा संकोच निम्मा कमी होतो.

आणि तिसरी बाई तर गाडीत बसलेलीच नसते. पायांनी अधू असलेली मुलगी, पोलिओ झालेली आत्या, अपघातानंतर खुर्चीवर आलेली सून. "तिला कुठे नेणार? तिचेच हाल होतील," असं म्हणून तिला शेजारणीच्या भरवशावर घरी ठेवलं जातं. अपंग पुरुषालाही हे भोगावं लागतं, यात शंका नाही. पण बाईच्या बाबतीत घराबाहेर पडण्याची परवानगी हा मुद्दा आधीचाच असतो, त्यात पायऱ्यांची भर पडते. जिने जायचं ठरवलंच, तिला आणखी एक अनुभव येतो. तिला न विचारता कुणीतरी अनोळखी पुरुष काखेत हात घालून उचलतो आणि पाळण्यात किंवा घोड्यावर बसवतो. त्याचा हेतू चांगला असेलही. पण तिचं शरीर हे तिचंच आहे आणि उचलण्याआधी तिला विचारलं पाहिजे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मदतीच्या नावाखाली झालेला नकोसा स्पर्श तिने कुणाला सांगायचा? आणि सांगितला तर पुढच्या वेळी तिला नेणार कोण?

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९९५ साली अपंगांसाठी पहिला स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. त्याच्या २९व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे. ४६वं कलम सांगतं की सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करायला हवी. ते नियम जून २०१७ मध्ये आले. पण त्यातल्या सुगमतेच्या नियमाची भाषा सल्ला दिल्यासारखी होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १५वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत करायला केंद्र सरकारला सांगितलं. म्हणजे खुर्ची, उतार आणि वापरता येईल असा संडास या गोष्टी उद्यानवाल्यांच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. एक फूट चढायला बारा फुटांचा उतार हवा हे मापही ठरलेलं आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी एक मोजपट्टी बरोबर ठेवावी. ती पुष्कळ बोलते.

आपल्या जिल्ह्यात हिरकणीची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. घरी तान्हं बाळ, गडाचे दरवाजे बंद, आणि ती कडा उतरून गेली. राज्यातल्या एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष केले गेले तेही तिच्याच नावाने. त्या कक्षाची मागणी बरोबरच होती आणि तो स्वच्छ व उघडा असावा हा आग्रहही हवा. पण हिरकणीचं कौतुक करताना आपण कडा उतरण्याच्या धाडसावरच थांबतो. दरवाजा तिच्यासाठी का उघडला नाही, हे विचारत नाही. आईने कडा उतरावा आणि आपण बुरुज बांधून तिचा गौरव करावा, असा सौदा आता पुरे झाला.

आता माथेरानकडे वळू, कारण भाड्याच्या चाकाचा सगळ्यात अवघड प्रश्न तिथे आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढला आणि साहेबांचं थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. २००३ साली तो परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर, छोट्या गाडीच्या फेरीने किंवा हातरिक्षाने जायचं. सामान डोक्यावर घेऊन चढणाऱ्या हमालांत बायकाही असतात. ज्या आजीला चालवत नाही तिच्यासाठी इथे चाक होतं. पण ते भाड्याने मिळायचं माणसासकट. चढावर एक जण ओढणार आणि मागून ढकलायलाही माणूस लागणार. तांबड्या मातीत, पावसात, छातीचा भाता करत.

म्हणजे आजीचा फिरण्याचा हक्क एका बाजूला आणि ओढणाऱ्याची प्रतिष्ठा दुसऱ्या बाजूला, असा हा पेच. असे पेच दाखवून गरिबाला गरिबासमोर उभं करण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. पण हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच तो सोडवायचा मार्ग धरला. आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या, अशी मागणी घेऊन ते न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्यांतून पर्यटकांबरोबर शाळेची मुलंही जाऊ लागली. घोडेवाल्यांचा विरोध होता, तोही पोटासाठीच होता, हे मान्य करायला हवं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असा तो आदेश आहे. पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या १९८०च्या खटल्याची आठवण देत न्यायालयाने म्हटलं की माणसं हे काम हौसेने करत नाहीत, पोट भरायला करतात.

या निकालातला एक भाग बायकांच्या गटांनी नीट वाचला पाहिजे. खऱ्या हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा दिल्यावर ज्या उरतील त्या परिसरातल्या आदिवासी स्त्रियांना आणि इतर गरजूंना द्याव्यात, असं त्यात म्हटलं आहे. त्यासाठी गुजरातमधल्या केवडियाचा दाखला दिला आहे. तिथे आदिवासी बायका भाडेतत्त्वावर मिळालेल्या ई-रिक्षा चालवतात. केवडियाच्या आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या हे आपण विसरलेलो नाही. जमीन गेल्यावर रिक्षाचं हँडल हाती येणं हा न्याय नव्हे. तरीही डोंगरावरचं भाड्याचं चाक बाईच्या हाती येण्याची ही संधी सोडू नये. फक्त "उरतील त्या" या शब्दांकडे लक्ष ठेवायला हवं. रेशनच्या रांगेत, ताटात आणि वारसाहक्कात उरलेलं बायकांना मिळतं, हा अनुभव जुना आहे. यादीत तिचं नाव आहे का? परवाना तिच्या नावावर आहे की तिचं नाव लावून दुसराच कुणी धंदा करतो? चालवायचं शिक्षण कोण देणार, आणि ती फेऱ्या मारत असताना तिचं मूल कोण सांभाळणार? हे चार प्रश्न देखरेख समितीला लेखी विचारायला हवेत.

याच डोंगराच्या कुशीत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. इथल्या बायका रानभाज्या, करवंदं, लाकूडफाटा डोक्यावर घेऊन पायवाटेने बाजाराला जातात. बाळंतपणाची कळ आली तर कितीतरी वाड्यांतून अजून चादरीची झोळी करून बाईला खाली आणावं लागतं. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर जाऊ शकली नाहीत, माणसं चिखलातून पायी चढली आणि हातांनी माती उपसत राहिली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा पत्ता लागला नाही. मनोरंजन उद्यानाच्या दारापर्यंत रुंद रस्ता जातो आणि त्याच तालुक्यातल्या वाडीपर्यंत जात नाही, हे काही डोंगराच्या चढामुळे होत नाही. कुणाच्या चालण्याला किंमत आहे, त्यावरून रस्ते ठरतात. म्हणून पर्यटक आजीच्या खुर्चीची मागणी करताना झोळीतून येणाऱ्या बाळंतिणीची मागणी बाजूला ठेवता येणार नाही. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात याव्यात, असं आमचं म्हणणं आहे.

खुर्ची देणाऱ्या खिडकीच्या आत कोण आहे तेही पाहू. या भागातल्या उद्यानांत आणि रिसॉर्टांत आसपासच्या गावांतल्या, वाड्यांतल्या मुली तिकिटं फाडतात, खुर्च्या पुसतात, संडास धुतात. कंत्राटावर काम, आणि दिवसभर उभं राहायचं. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी कामाच्या वेळी बसायला मिळावं म्हणून लढा दिला. तिथे २०१८ साली कायदा बदलला, २०२१ साली तामिळनाडूनेही तसं केलं. पाहुण्याला चाकाची खुर्ची देणाऱ्या मुलीला साधं स्टूल मिळू नये, हे आपल्याला चालणार आहे का?

म्हणून गटांनी पुढच्या तीन महिन्यांत आपापल्या भागातल्या एका तरी सहलीच्या ठिकाणी जाऊन पाहणी करावी. जाताना गटातली एखादी अपंग मैत्रीण, एखादी आजी आणि एखादं कडेवरचं मूल बरोबर घ्या. तिच्या नजरेने ते ठिकाण बघा. आमच्या मागण्या साध्या आहेत. अपंग व्यक्ती, वृद्ध आणि तान्ही मुलं यांच्यासाठी लागणारं चाक प्रवेशाच्या पैशांत धरलेलं असावं, त्याचं वेगळं भाडं नको. ते किती आहेत हे तिकीट काढण्याआधी कळावं. मुलाचे कपडे बदलायचा ओटा पुरुषांच्या बाजूलाही असावा, म्हणजे "तिकडे सोय नाही" ही सबब उरणार नाही. उचलण्याआधी विचारायचं, हे कर्मचाऱ्यांना शिकवावं आणि मदतीला स्त्री कर्मचारी असावी. काम करणाऱ्या मुलींना बसायला जागा असावी. खुर्च्या भाड्याने देण्याचं काम बचत गटांना द्यायचं ठरलं, तर मजुरी आणि दुरुस्तीचा खर्च आधी ठरावा. बायकांची आणखी एक फुकट सेवा आपल्याला उभी करायची नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत उद्यान असेल तर ग्रामसभेत विषय घ्या. दाद लागली नाही तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

आणि हे सगळं होईपर्यंत घरात एक गोष्ट आजच होऊ शकते. पुढच्या सहलीला मूल कुणाच्या कडेवर किती वेळ राहील, आजीजवळ कोण थांबेल, आणि पाळण्यात पहिल्यांदा कोण बसेल, हे गाडी निघायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवा. पुरुषांच्या वाट्याचं काम त्यांना मोजून द्या. भांडण होईल, होऊ द्या. पाहणीत काय दिसलं, मोजपट्टीने काय सांगितलं आणि घरात काय ठरलं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकातली पानं आम्ही तुमच्या पत्रांसाठी राखून ठेवत आहोत.